सहा तिहाशच्या दिवशी

माझ्या काकाची हाडं चोवीस वर्षांनी सापडली, तेव्हा आमच्या गावात, चुवासिवानमध्ये, कुणी मोठ्यानं रडलं नाही. जुन्या लष्करी छावणीमागच्या कोरड्या विहिरीतून सात माणसं निघाली. राजधानीहून हाडांची ओळख पटवायला आलेल्या मुलामुलींनी ती ब्रशनं झाडून, कागदी पिशव्यांत घालून नेली आणि आठ महिन्यांनी सात लहान लाकडी पेट्यांतून परत आणून दिली. काकाच्या पेटीत लाल कमरपट्ट्याचा वीतभर तुकडा होता. नान तेक्लानं तो हातात घेतला, उलटून बघितला आणि म्हणाली, "हा बघ, इथं धागा चुकलाय. लग्नाआधी विणला होता मी. घाई होती."

नान तेक्ला माझी काकू, पण मला वाढवलं तिनंच. आई मला जन्म देऊन गेली. वडील, तात सिल्वेस्त्रे, वर्षातले पाच-सहा महिने खाली किनारपट्टीच्या मळ्यांत कॉफी तोडायला असायचे, तेव्हा मी काकूच्या घरी. उर्बानोकाकाला नेलं त्या सकाळीही मी तिथंच होते. सहा वर्षांची. काकूनं मला उचलून अंगणातल्या घामघरात, वाफेनं अंघोळ करायच्या बुटक्या दगडी खोपट्यात, कोंबलं होतं. दगडांच्या फटीतून मी बघितलं: सैनिक, लष्करानं गस्तीला जुंपलेले आमच्याच गावातले गस्तीवाले, आणि डोक्यावर मक्याचं पोतं ओढलेला एक माणूस. पोत्याला डोळ्यांपाशी दोन भोकं होती. त्यानं हात वर केला आणि काकाकडे बोट दाखवलं. तोंडातून शब्द काढला नाही.

त्या पोतेवाल्यानं पुढे कित्येक वर्षं माझी झोप खाल्ली. मी किंचाळत उठायचे, आणि तात मला मांडीवर घेऊन पाठीवरून हात फिरवत बसायचे. "गेला तो," म्हणायचे. "परत नाही यायचा."

बाकीच्या सहा घरांनी सिमेंटचे क्रूस करायला टाकले. काकूला दगड हवा होता. मी गावच्या शाळेत शिकवते आणि गेली सहा वर्षं दर सुट्टीत आमच्या पूर्वजांची जुनी लिपी शिकायला जाते, आणि शनिवारी ती गावच्या काही पोरांना शिकवते. वर्गाच्या भिंतीवर मी जुन्या शहरांतल्या कोरीव दगडांची चित्रं लावली आहेत. काकू एक दिवस शाळा सुटल्यावर आली आणि त्या चित्रांसमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"हे तुझे राजे दगडावर काय काय लिहून घ्यायचे गं?"

"जन्म कधी झाला, गादीवर कधी बसले, लढाईत कुणाला पकडलं, मेले कधी."

"आमचा उर्बानो गादीवर कधी बसला नाही. चटईवर बसायचा, तीही फाटकी." मग म्हणाली, "पण पकडलं त्याला. तेवढं लिही."

"लिहीन की. पण तारीख लागेल, नान. जुन्या दगडांवर पहिली तारीखच असते. नोव्हेंबर, एवढ्यावर भागायचं नाही."

"नोव्हेंबर कुणी सांगितला तुला?"

सगळेच सांगायचे. काकाला नेल्यावर तीन आठवड्यांत सैनिकांनी गाव जाळलं, आम्ही अकरा महिने डोंगरात लपून होतो, आणि परत आलो तेव्हा कुणाचं काय कधी झालं हे कुणालाच नीट सांगता येईना. तात म्हणायचे, ते मृतांचा सण उरकून किनाऱ्यावरून परत आले तेव्हा नुकतंच घडलं होतं. म्हणून नोव्हेंबर.

"सहा तिहाश," काकू म्हणाली. "दिवस सहा तिहाश होता. शेतात कणसं मोडून ठेवली होती. नोव्हेंबर-बिव्हेंबर मला विचारू नको."

काकू आमच्या गावची दिवस मोजणारी. पोर जन्मलं, लग्न ठरलं, कुणी आजारी पडलं की लोक तिच्याकडे येतात आणि ती सांगते आज कुठला दिवस, त्याचं काय मागणं आहे. वीस नावं, तेरा आकडे. दोनशे साठ दिवसांनी तोच दिवस परत येतो. तिहाश म्हणजे काळ्या काचदगडाची सुरी. कापणारा दिवस. तिला अक्षर वाचता येत नाही, पण डोंगरात असताना, जिथं रविवार कधी गेला हे पाद्र्यालाही ठाऊक नव्हतं, तिथं तिनं एक दिवस चुकू दिला नव्हता.

मी घरी येऊन कागद घेऊन बसले. त्या सुमारास सहा तिहाश तीनदा आला होता: ब्याऐंशीच्या जानेवारीत एकतीस तारखेला, त्याच वर्षी अठरा ऑक्टोबरला आणि त्र्याऐंशीच्या जुलैत पाच तारखेला. जानेवारीत शेत रिकामं असतं. जुलैत मका हिरवा असतो. दाणा वाळावा म्हणून कणसं देठाशी मोडून खाली वळवतात ती ऑक्टोबरात. मग मी ती तारीख पूर्वजांच्या मोठ्या मोजणीत बसवली, जी मोजणी त्यांच्या दगडांवर सृष्टीच्या पहिल्या दिवसापासून चालत येते. बारा, अठरा, नऊ, सहा, अठरा. शेवटचा अठरा म्हणजे वीस नावांतलं अठरावं नाव, तिहाश. पुन्हा करून बघितलं. पुन्हा तेच.

 ज्यांची शहरं हजार वर्षांपूर्वी जंगलानं गिळली, त्यांनी सुरू केलेली मोजणी, आणि अंगठा उठवणाऱ्या एका बाईनं भुकेल्या पोटी, झाडाखाली बसून धरून ठेवलेला दिवस. दोन्हींत एका दिवसाचा फरक नव्हता. पुस्तकांत मी हे दहादा वाचलं होतं. पण ते माझ्या स्वयंपाकघरात, माझ्या पेन्सिलीखाली घडलं तेव्हा मी उठून दाराबाहेर जाऊन उभी राहिले.

दुसऱ्या दिवशी काकूला सांगितलं. "सोमवार होता. अठरा ऑक्टोबर."

"असेल. त्याला नेल्यावर तीन दिवसांनी बाजार होता." बाजार गुरुवारी भरतो. ती म्हणाली, "एवढं तोंड काय वासलंस? शिकायला गेलीस ती काय मला तपासायला?"

मी तारीख कळवली नोएमीला. राजधानीहून जे लोक हाडं तपासायला आले होते त्यांच्यातली ती. नोएमीनं फोनवर मला ती पुन्हा सांगायला लावली. मग म्हणाली, "तारीख पक्की आहे? फिदेलिया, आमच्याकडे चुवासिवानच्या गस्तीची वही आहे. एका जुन्या कोठारात मिळाली. रोज कोण कामावर होतं ते लिहिलंय. पण तुमच्या गावातल्या एकाही माणसाला नेल्याचा दिवस आम्हाला माहीत नव्हता, म्हणून ती नुसती पडून होती."

त्या आठवड्यात ती स्वतःच जीपनं आली, त्या एका पानाची प्रत माझ्या हातात दिली, आणि पुढच्या गावी गेली. तिला त्या पानावरची नावं म्हणजे नुसती नावं होती.

मी तशीच काकूकडे गेले. ती अंगणात कोंबड्यांना दाणे टाकत होती. तात सकाळीच येऊन गेले असावेत. भिंतीशी ताजी फोडलेली लाकडं रचलेली होती. काकाला नेल्यापासून तिच्या घरी लाकूड त्यांनीच फोडलं, छप्पर त्यांनीच शाकारलं.

"वाच," काकू म्हणाली. "बघू दे कोण कोण शूर होते."

मी वाचलं. "सोमवार, अठरा ऑक्टोबर. सकाळची गस्त. एक, आपोलिनार चितिक."

"मेला. दारूनं."

"दोन, बासिलियो तुम."

"तो उत्तरेला गेला, पोरांकडे. तिथं बर्फ झाडतो म्हणे. झाडू दे."

"तीन, एउसेबियो शिलोह."

"त्याला तर शेळी धरता येत नव्हती, माणूस काय धरणार. पुढं?"

पुढं चौथं नाव होतं. मी ते बघितलं, आणि माझ्या डोळ्यांना काहीतरी झालंय असं मला वाटलं. कागद जरा लांब धरला. नाव तेच राहिलं. सिल्वेस्त्रे आहानेल. आणि समोर, त्याच हातानं, बारीक अक्षरात: ओळख पटवण्यासाठी.

"काय झालं? दातखीळ बसली का?"

"पुढचं नीट उमटलं नाहीये," मी म्हटलं. "शाई फिकी आहे."

मी खोटं बोलते तेव्हा काकूला कळतं. लहानपणापासून कळतं. मुठीतले उरलेले दाणे तिनं एकदम जमिनीवर सोडले.

तिथून आमचं घर दोन शेतं पलीकडे. ती दोन शेतं मी कशी ओलांडली ते मला आठवत नाही. एकच आठवतं, मी पुन्हा पुन्हा तेच म्हणत होते: ते किनाऱ्यावर होते. ते किनाऱ्यावर होते.

तात ओसरीत बसून कणसांचे दाणे सोलत होते. मी कागद त्यांच्यापुढच्या टोपलीवर ठेवला. काय बोलायचं ते ठरलंच नव्हतं. वाटत होतं, मी वाचून दाखवीन आणि ते काहीतरी सांगतील. त्या नावाचा दुसरा कुणी होता, लिहिणाऱ्यानं चूक केली, काहीही. कारण त्यांना वाचता येत नव्हतं. जन्मभर त्यांनी अंगठाच उठवला. घरात आलेला प्रत्येक कागद मी वाचून दाखवायची. माझ्या प्रौढांच्या वर्गात मी त्यांना तीन वर्षं अक्षरं गिरवायला लावली होती, आणि शेवटी वैतागून नाद सोडला होता.

त्यांनी मान वाकवून कागदाकडे बघितलं. नजर पहिल्या ओळीवरून गेली, दुसरीवरून, तिसरीवरून, आणि चौथ्या ओळीवर थांबली. अगदी नावावरच थांबली.

"अठरा ऑक्टोबर," ते म्हणाले. "म्हणजे सापडली तारीख."

मी अजून तोंडही उघडलं नव्हतं.

"तात, तुम्ही वाचता?"

ते हातातलं कणीस फिरवत राहिले.

"तुम्हाला वाचता येतं?" माझा आवाज मलाच ओळखू येईना. आत्ता विचित्र वाटतं, पण त्या क्षणी चौथ्या नावापेक्षा मला त्याचाच धक्का जास्त बसला होता. "मी तीन वर्षं तुमचा हात धरून अक्षरं काढून घेतली!"

"मळ्यावर शिकलो होतो," ते म्हणाले. "पाद्र्याचा एक माणूस यायचा रविवारी, तो शिकवायचा. मुकादम कागदावर काय लिहितो ते मी बाकीच्यांना वाचून दाखवायचो. एवढंच केलं मी, पोरी. त्यापलीकडे काही नाही. पण मजुरांना भडकवतो म्हणून कुणीतरी नाव दिलं."

"कुणाला?"

"सैनिकांना. त्या साली मळ्यावर काम लवकर संपलं. मी वर यायला निघालो, तर पुलापाशी त्यांनी बस थांबवली, सगळ्यांना उतरवलं. छावणीत नेलं. तीन दिवस." हे सांगताना ते कणीस सोलत होते. दाणे टोपलीत न पडता कागदावर पडत होते. "कॅप्टनकडे यादी होती. त्यात लिहिलं होतं, चुवासिवानचा आहानेल, जो वाचतो. नुसतं आहानेल. त्यानं मला विचारलं, तूच का तो? मी म्हटलं, नाही साहेब. मला कुठलं वाचायला येतंय. तो माझा भाऊ."

मी खाली बसले. 

"काकाला स्वतःचं नाव लिहिता येत नव्हतं," मी म्हटलं.

"हो."

"त्यांनी पोतं घातलं तुम्हाला."

"हो."

"मी तिथं होते." आणि मग आयुष्यात पहिल्यांदा मी माझ्या वडिलांना एकेरीत बोलले. "मी त्या घरात होते. तुला ठाऊक होतं."

"ठाऊक होतं. म्हणूनच लगेच बोट दाखवलं. ते घरात शिरले असते, झडती घेतली असती. तू सापडली असतीस."

हे खरं होतं की त्यांनी चोवीस वर्षांत स्वतःसाठी रचलं होतं, मला तेव्हा कळलं नाही, अजूनही कळत नाही. ते पुढं म्हणाले, "तेव्हापासून मी एक अक्षर वाचलं नाही. भिंतीवरची पाटीसुद्धा नाही. डोळे तिकडे गेले की वळवायचो." आणि मग, अगदी साध्या आवाजात, जसं कुणी मीठ मागावं तसं: "तेक्लाला सांगू नको. मी मेल्यावर सांग."

मला पाठीवर त्यांचा हात आठवला. गेला तो, परत नाही यायचा.  मी अंगणाच्या कडेला जाऊन ओकले, आणि ते मागून पाण्याचा तांब्या घेऊन आले. तो मी घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेत जायला निघाले तर काकू आमच्या वाटेवर दगडावर बसलेली. तिच्या चौकड्याच्या शालीवर दव साचलं होतं, म्हणजे बराच वेळ झाला असावा.

"चौथं नाव वाच," ती म्हणाली.

"नान..."

"शाई फिकी होती तर आता उजेड आहे. वाच."

मी वाचलं नाही. कागद न काढताच नाव सांगितलं, आणि पुढे काय लिहिलंय तेही.

काकू हसली. खरंच हसली. "छे! तो तर किनाऱ्यावर होता. लिहिणारा पिऊन होता." मग तिनं माझ्या तोंडाकडे बघितलं. हसू तसंच राहिलं, पण त्याच्या मागून चेहरा निघून गेला. असं मी कुणाच्या बाबतीत कधी पाहिलं नव्हतं. ती उठायला गेली आणि परत दगडावर बसली. मी हात पुढे केला तो तिनं झटकला.

"त्यानं कबूल केलं?"

"हो."

"पोत्यातला तो?"

"हो."

बराच वेळ ती आपल्या बोटांवर काहीतरी मोजत राहिली. काय मोजत होती देव जाणे. मग म्हणाली, "त्याचा हात थरथरत नव्हता. मी बघत होते ना. मला वाटलं होतं, परक्या गावचा कुणीतरी असेल, म्हणून हात थरथरत नाही." आणि जरा वेळानं, "मी त्याला जेवू घातलं. चोवीस वर्षं. पहिली भाकरी त्याला वाढायची मी, तुझ्याही आधी."

मी रडत होते. ती रडत नव्हती. एकदम तिनं विचारलं, "तुझे ते राजे. दगडावर नुसतं पकडलं असं लिहायचे, की कुणी पकडलं तेही?"

तिला काय हवंय ते मला लगेच कळलं, आणि ते कळल्याचं मला दाखवायचं नव्हतं. पण खोटं बोलायची ताकद उरली नव्हती. "आधी दिवस. मग 'पकडला गेला'. मग ज्याला पकडलं त्याचं नाव. मग 'याच्या हातून', आणि पकडणाऱ्याचं नाव."

"मग तसंच लिही."

"नान, ते माझे वडील आहेत."

"माझा तो दीर आहे. मी सांगते आहे ना तुला?"

"सगळ्या गावासमोर उभा राहणार तो दगड!"

"गावात कुणाला वाचता येतंय तुझं ते? तुला, आणि तुझ्या शनिवारच्या त्या पोरांना." ती उठली. "मला गावाला सांगायचं नाहीये. खरं काय ते दगडावर असू दे. ज्याला शिकायचं असेल तो शिकेल आणि वाचेल. मी मोजायचं काम केलं. आता तू तुझं लिहायचं काम कर."

त्या आठवड्यात मी चार वेळा चित्र काढलं आणि चार वेळा फाडलं. तात रोज माझ्यासमोर जेवायला बसायचे.  पाचव्या दिवशी मी म्हटलं, "तिला तुमचं नाव दगडावर हवंय." त्यांनी घास खाली ठेवला. मला वाटलं, हात जोडतील, नको म्हणतील.  शेवटी म्हणाले, "आडनाव लिहू नको. आडनाव त्याचंही तेच आहे."

मग मी काढलं. जुन्या लिपीत नाव उच्चाराच्या तुकड्यांनी बनतं, सि, ल, वे असं एकेक चिन्ह एकाला एक चिकटवत जायचं. माझ्या वडिलांचं नाव मी त्या चिन्हांत कधी लिहिलं नव्हतं. विद्यार्थ्यांना मी पहिल्या दिवशी आईबापाचं नाव लिहायला सांगते; स्वतः मात्र कधी लिहिलं नव्हतं. पहिल्यांदा लिहिलं ते असं.

पाथरवट मार्सेलिनो कागद उलटासुलटा करून बघत म्हणाला, "बाई, या रेघा नि टिंबं समजली. पण हे उंदराचं तोंड आहे की ढग?"

"नाव आहे ते."

"कुणाचं?"

"तू कोर," मी म्हटलं. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि पुढे काही विचारलं नाही.

दफनाच्या दिवशी आभाळ स्वच्छ होतं. सात पेट्या, सात खड्डे, कोपालच्या धुपाचा धूर, आणि आमच्या डोंगराच्या दोन्ही बाजूंनी आलेली माणसं. तात सगळ्यात मागे, कुंपणाशी उभे होते. काकाची पेटी उचलायला चार जण लागणार नव्हतेच, एक पोरसुद्धा उचलेल एवढी ती हलकी होती. काकूनं ती स्वतः उचलली.

दगड बसवला, माती चोपली, आणि मग जे मी धरून चालले नव्हते ते झालं. गावचा सरपंच सगळ्यांसमोर मोठ्यानं म्हणाला, "मास्तरीणबाई, एवढं आपल्या आज्याचं लिखाण काढलंत. आम्हालाही कळू दे काय लिहिलंय. वाचून दाखवा."

लोक पुढे सरकले. कुणीतरी टाळी वाजवली. मी काकूकडे बघितलं. तीही चकित झाली होती, हे मी शपथेवर सांगते. तिनं हे ठरवलेलं नव्हतं. तिनं मान डोलावलीही नाही आणि हलवलीही नाही. तिनं ते माझ्यावर सोडलं.

आधी दिवस वाचला. बारा, अठरा, नऊ, सहा, अठरा. सहा तिहाश. म्हाताऱ्या माणसांत एक कुजबुज गेली; दिवस त्यांच्या ओळखीचा होता. मग वाचलं: पकडला गेला. मग वाचलं: उर्बानो आहानेल. इथं थांबता आलं असतं. कुणालाही कळलं नसतं, वाचणारी मी एकटीच. माझ्या वर्गातल्या पोरांना अजून एवढं येत नव्हतं.

मी पुढचं वाचलं. "याच्या हातून: सिल्वेस्त्रे."

पहिल्यांदा कुणाला समजलंच नाही. सिल्वेस्त्रे नावाची तीन माणसं आहेत आमच्यात. मग मागे कुंपणाशी तातांनी डोक्यावरची टोपी काढली आणि खाली मातीवर ठेवली. बस, एवढंच त्यांनी केलं. एकामागून एक माना वळल्या. सरपंचाचा हात मध्येच हवेत राहिला. एक म्हातारी, जिचा मुलगा त्याच विहिरीतून निघाला होता, मोठ्यानं "नाही!" म्हणाली, जणू तिच्या अंगावर कुणी उकळतं पाणी ओतलं. एक मूल रडत होतं, आईनं त्याच्या तोंडावर हात ठेवला.

कुणी मारायला धावलं नाही. काही जण तिथूनच निघून गेले. मार्सेलिनो आपल्या छिन्नीकडे बघत उभा होता, जशी काही ती पहिल्यांदा दिसत होती.

दफनानंतर जेवण असतं. कितीही काही झालं तरी असतं. काकूनं आदल्या दिवसापासून मक्याच्या पिठाचे, पानांत गुंडाळलेले तमाल वाफवून ठेवले होते. ती टोपली घेऊन ओळीनं वाढत गेली, आणि लोक तिच्याकडे बघत राहिले, कारण त्या ओळीच्या शेवटी कोण उभं आहे हे सगळ्यांना दिसत होतं. ती त्यांच्यापर्यंत पोचली. थांबली. एक गरम तमाल काढून तिनं त्यांच्या हातात ठेवला.

"खा," ती म्हणाली. आवाज हळू होता, पण सगळ्यांनी ऐकला. "आणि उद्यापासून माझ्या दारात पाऊल टाकू नकोस."

त्यांनी खाल्ला. तिथंच उभं राहून, शेवटच्या घासापर्यंत. त्यांच्या गळ्यातून घास उतरताना दिसत होते.

आता या गोष्टीला दोन वर्षं होतील. तात गाव सोडून गेले नाहीत. कुणी जा म्हटलं नाही आणि त्यांनी विचारलं नाही. बाजारात त्यांच्याशी फार कुणी बोलत नाही. काकू आमच्या घराच्या वाटेनं येत नाही. मी तिच्याकडे जाते. पहिले काही महिने ती मलाही दारातूनच परत पाठवायची. मग एक दिवस म्हणाली, "ये. तू काही बोट दाखवलं नव्हतंस."

मी वडिलांना दोन वेळ जेवू घालते. इतर काय करावं ते मला समजलेलं नाही. एकच बदल झाला आहे. ते आता सगळ्यांसमोर वाचतात. दाराबाहेर खुर्ची टाकून, माझा जुना चष्मा लावून, शाळेतलं वर्तमानपत्र पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, ओठ हलवत. पहिल्यांदा बघितलं तेव्हा वाटेनं जाणारी माणसं थबकून उभी राहिली होती.

गेल्या महिन्यात त्यांनी मला शनिवारच्या वर्गाची वही मागितली, ज्यात जुन्या लिपीची चिन्हं आहेत. मी अजून दिलेली नाही.